घरच्या कप्पीचा भार

विहिरीवरचा रहाट ज्याने लहानपणी ओढला आहे, त्याला कप्पीचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धी खरी आहे. दोर खाली ओढला की घागर वर येते, हे आपल्याला हाताने कळलेले असते. परंतु त्या वेळी वरच्या आडव्या लाकडावर काय बेतत असते, याचा विचार करण्याचे कारण आपल्याला कधी पडत नाही. घागर दहा-बारा किलोंची. लाकूड चांगले मांडीएवढे जाड. तेव्हा हिशेब न करताही निभावते. तीच कप्पी घराच्या पडवीत टांगून तिने शे-सव्वाशे किलोंचे लोखंड उचलायचे ठरले, म्हणजे मात्र न केलेला हिशेब कोणाच्या तरी डोक्यावर येऊन पडण्याचा संभव असतो.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट अवगत असावी असे जुन्या मोटवणी पाहून वाटते. मोटेचा नाडा विहिरीतून सरळ वर येतो आणि चाकावरून वळून धावेवरच्या बैलांकडे जवळजवळ आडवा जातो. मोट पाण्यासकट दीडशे किलोंची धरली, तर चाकाच्या कण्यावर दीडशे नव्हे, दोनशेदहाच्या वर भार येतो; कारण खालून मोट ओढते आणि बाजूने बैल ओढतात. मोटवणीची लाकडे एवढी दणकट का असत, याचे उत्तर येथे आहे. मोटा गेल्या, पंप आले. आणि कप्पी टांगताना वर पाहण्याची सवयही मोटेबरोबरच गेली की काय, अशी शंका येते.

आमचा जोयडा तालुका ज्या वाचकांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पूर्वी हा सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. गणेशगुडी येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, जुने सुपे गाव त्याच्या पाण्याखाली गेले, आणि जोयड्याच्या नावाने तालुका चालू लागला. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा मुलूख. चार महिने धोधो पाऊस, विखुरलेल्या वाड्या, घरात मराठी नाहीतर कोंकणी, कचेरीत कन्नड. सुपारीच्या बागेतले अथवा भाताच्या खाचरातले एखादे यंत्र बंद पडले तर ते दुरुस्तीला दांडेलीस नाहीतर थेट बेळगावास न्यावे लागते. साहजिकच प्रत्येक वाडीत एखादा तरी हरहुन्नरी गडी असतो, आणि त्याच्या पडवीत ऐरण, शेगडा, पाने, पकडी असा संसार मांडलेला असतो. त्याला घरची कार्यशाळा म्हणावे.

जड वस्तू वर चढविण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. लॉरीत लाकडाचा ओंडका चढविताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल, की लॉरीच्या कडेला दोन लांब वासे तिरपे लावतात. दोन दोरांची टोके लॉरीला बांधून, ते दोर ओंडक्याच्या खालून घेऊन, वरून पुन्हा पलीकडे ओढणाऱ्या माणसांच्या हाती देतात. ओंडका वाशांवरून गडगडत वर चढतो. येथे कप्पी कोठेही दिसत नाही. तथापि ओंडका स्वतःच कप्पीचे चाक झालेला असतो. लॉरीची उंची सव्वा मीटर आणि वासे पावणेचार मीटर धरले, तर उतारामुळे भार एक-तृतीयांश होतो आणि दोराच्या वेढ्यामुळे त्याचाही निम्मा. सहाशे किलोंचा ओंडका घर्षण सोडल्यास शंभर किलोंच्या ओढीने वर जातो, आणि ती ओढ दोन दोरांत वाटली जाते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मुलांना न समजणारी ‘सरकती कप्पी’ या उदाहरणाने चटकन समजते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

या लेखाला निमित्त झाला तो माझा एक जुना विद्यार्थी. त्याच्या पॉवर टिलरचे इंजिन उतरवायचे होते. टिलर एकंदर चारशे किलोंच्या आसपास, त्यातले इंजिन सव्वाशेच्या घरातले. आजवर चार माणसे बांबू घालून ते उचलीत. परंतु एकाच्या बोटावर आल्यापासून माणसे येईनाशी झाली. म्हणून घराच्या पडवीतच कप्पी टांगावी, असा त्याचा बेत होता आणि तो दाखवायला त्याने मला बोलावले.

“गुरुजी, हे बहाल आजोबांच्या वेळचे. अस्सल ऐन आहे. एक सोडून चार कप्प्या टांगल्या तरी हलायचे नाही.”

“तुझ्या आजोबांनी ते कौलांसाठी घातले, इंजिनासाठी नव्हे,” मी म्हटले. “आणि त्याच्या पलीकडच्या टोकाखाली तुझी आई निजते.”

तो काही बोलला नाही. आम्ही पाटी घेऊन बसलो.

पहिला हिशेब कप्पीचा. इंजिन १२० किलोंचे धरू. तुळईला एकच कप्पी टांगून दोर खाली ओढला, तर इंजिन १२० किलोंनी खाली ओढणार आणि माणसेही तितक्याच जोराने दुसरे टोक खाली ओढणार. तुळईवर भार झाला २४०! ज्या कप्पीने आपल्या श्रमात काहीच बचत केली नाही, तिने तुळईचे ओझे मात्र दुप्पट केले. आता दोराचे एक टोक तुळईलाच बांधून, इंजिनाला एक सरकती कप्पी लावून, दोर वरच्या कप्पीवरून खाली घेतला, तर ओढ ६० किलोंची आणि तुळईवर १८०. दोन-दोन चाकांचे ठोकळे वर व खाली लावून दोराचे चार पदर केले, तर ओढ अवघी ३० आणि तुळईवर १५०. पदर वाढले की हाताला सोपे आणि तुळईलाही सुखाचे. मात्र इंजिन एक मीटर उचलायला चार मीटर दोर ओढावा लागतो, आणि प्रत्येक चाकाचे घर्षण आपला वाटा वर घेतेच. विद्यार्थ्याला २४० हा आकडा पटेना. त्याने दोन ताणकाटे आणि एक पाट्याचा दगड घेऊन तो पडताळून पाहिला. पडताळून पाहण्याची ही बुद्धी शाळेत असताना त्याच्या ठिकाणी फारशी दिसली नव्हती, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

आर्किमिडीजची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सिराक्यूजचा राजा हिएरो याच्यासमोर त्याने माल व माणसे भरलेले जहाज कप्प्यांच्या साहाय्याने एकट्याने ओढून दाखविले, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. जहाज ओढल्याचे सर्वांना स्मरते. त्या कप्प्या कशाला बांधल्या होत्या, हे कोणी विचारीत नाही. पाय रोवायला जागा मिळाली तर पृथ्वीही हलवीन, अशी त्याची प्रौढी प्रसिद्ध आहे. तीतही त्याने आधी मागितली ती जागाच.

पुढे शिडांच्या जहाजांना कप्प्या इतक्या लागू लागल्या, की मोठ्या युद्धनौकेवर त्यांची संख्या हजाराच्या घरात जाई. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ येथे मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉड्स्ले याने घडविलेली यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कप्प्या करू लागली. १८०८ च्या सुमारास वर्षाला १,३०,००० कप्प्या तेथे निघत. यंत्रांनी यंत्राचेच भाग मोठ्या संख्येने घडविण्याची ही आरंभीची उदाहरणे समजली जातात.

तथापि दोराच्या कप्पीत एक जन्मजात दोष आहे. हात सुटला की भार खाली. याच शतकात वेस्टन नावाच्या गृहस्थाने जी साखळीची कप्पी प्रचारात आणली, तिची युक्ती मोठी मौजेची आहे. एकाच आसावर दोन चाके, एक किंचित मोठे व एक किंचित लहान, आणि त्यांवरून फिरणारी एकच बिनटोकाची साखळी. मोठे चाक साखळी वर घेते, लहान चाक थोडी खाली सोडते. दोहोंतील फरकाएवढाच भार उचलला जातो. मोठ्या चाकाला दहा खाचा आणि लहानाला नऊ असल्या, तर हिशेबाने एक किलोच्या ओढीने वीस किलो उचलतात. घर्षणात यातले निम्म्याहून अधिक वाया जाते, आणि नेमके त्यामुळेच हात सोडला तरी भार जागच्या जागी राहतो. वाया गेलेल्या बळाने माणसाचा जीव राखावा, असे उदाहरण यंत्रशास्त्रात क्वचितच सापडेल. आज बाजारात मिळणारी, आणि मिस्त्री लोक जिला ‘चेनकुप्पी’ म्हणतात ती, दंतचक्रांची असते. तिच्यात भार धरून ठेवणारा स्वतंत्र ब्रेक असतो. हाताने चालविण्याच्या या साधनासाठी ३८३२ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. घेताना तो क्रमांक आणि भाराचा आकडा साधनावर कोरलेला आहे ना, हे पाहून घ्यावे.

येथे माझे एक मत स्पष्ट सांगतो. चौकट घरी करावी. चेनकप्पी, साखळी आणि आकडा घरी करू नये. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर घडविले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. त्या उदाहरणाने आमच्या भागातील पुष्कळांना आपल्या हाताने वस्तू करण्याची हौस लागली, आणि ती हौस मोलाची आहे. परंतु घरबांधणीच्या सळईचा तुकडा तापवून वाकविलेला आकडा डोळ्यांना कितीही भक्कम दिसला, तरी तो कोठे तडकला आहे हे आपल्याला दिसत नाही. सायकलीची किंवा गुरांची साखळीही या कामाची नव्हे. घरची हौस लाकूड, बोल्ट आणि मोजमाप यांवर भागवावी. तेथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

आता मुख्य प्रश्न, कप्पी टांगावी कशाला? कौलारू घराच्या बहालावर कौलांचा भार सगळ्या लांबीभर पसरलेला असतो. तोच भार मध्यावर एका ठिकाणी टांगला, तर तुळई वाकविण्याचे त्याचे सामर्थ्य दुप्पट होते. शिवाय पावसाळ्यात भिजलेली कौले मूळचीच जड. त्याहून वाईट म्हणजे बहालाची टोके भिंतीत गाडलेली असतात. भिंत मातीची असो वा चिऱ्याची, तेथे ओल मुरते, वाळवी लागते. आणि मधला भाग ठणठणीत वाजत असताना टोक आतून भुसा झालेले असते. आम्ही त्या बहालाच्या टोकाशी सुतारी अणी टोचून पाहिली. ती बोटभर आत गेली. मग त्या बेतावर अधिक बोलणे झाले नाही. घराला न टेकणारी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी स्वतंत्र चौकट करण्याचे ठरले.

किती भारासाठी करावी? अचानक टांगलेला भार सावकाश टांगलेल्या भाराच्या दुप्पट ताण देतो, हा यंत्रशास्त्राचा नियम आहे. साखळी जराशी घसरून हिसका बसला तर त्याहूनही अधिक. १२० ची दुप्पट २४०, त्यात कप्पीचे स्वतःचे दहा-बारा किलो, झाले अडीचशे. त्याचीही दुप्पट करून आम्ही ५०० किलोंचा हिशेब धरला.

जुन्या गोठ्यातून निघालेली ऐनाची एक तुळई त्याच्याकडे होती, दहा सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर उंच. तीन मीटरांच्या अंतरावर मध्ये ५०० किलो टांगल्यास तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५६ किलोंचा ताण येतो. निरोगी लाकडाला तो सहज सोसतो. परंतु तीच तुळई सुताराने चुकून आडवी घातली, वीस रुंद आणि दहा उंच, तर ताण ११२ होतो आणि बाक चौपट पडतो! लाकूड तेच, वजन तेच. केवळ उभे की आडवे एवढाच फरक. म्हणून तुळई नेहमी उभी घालावी, गाठी मध्यभागी खालच्या अंगाला येणार नाहीत असे पाहावे, आणि जुन्या खिळ्यांची भोके टाळावीत. ज्यांना लाकूड मिळत नाही त्यांनी दीडशे मिलिमीटर उंचीचा लोखंडी गर्डर घ्यावा. तो मीटरला सुमारे १५ किलो भरतो, आणि तेवढ्याच अंतरावर ५०० किलोंखाली जेमतेम दोन मिलिमीटर वाकतो.

पायांसाठी दोन्ही टोकांना उलट्या ‘व्ही’सारख्या दोन-दोन लाकडांच्या कैच्या केल्या. उंची २.६ मीटर, आणि तळाशी पायांमध्ये अंतर १.४ मीटर, उंचीच्या निम्म्याहून कमी अंतर ठेवले तर चौकट कलंडण्याची भीती असते. पाय पसरू नयेत म्हणून खाली आडवे लाकूड, आणि चौकट लांबीच्या दिशेने डुलू नये म्हणून तुळई व पाय यांच्या कोपऱ्यात तिरपे टेके. सर्व जोड लोखंडी पट्ट्या व सोळा मिलिमीटरांचे बोल्ट घालून केले. खिळ्यांवर काही ठेवले नाही. बोअरवेलचा पंप काढणारे लोक लोखंडी तिपाईला चेनकप्पी टांगतात, ते पाहून काहीजण बांबूंची तिपाई करतात. तिपाई चांगलीच, परंतु भार येताच तिचे पाय बाहेर सरकू पाहतात, आणि गुळगुळीत जमिनीवर ते खरोखरच सरकतात. तिन्ही पाय तळाशी साखळीने एकमेकांना बांधल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नये.

राहता राहिला तो इंजिनाला घालायचा फासा. येथे फार माणसे फसतात. दोन बाजूंना दोन दोर बांधून ते आकड्यात अडकविले, म्हणजे प्रत्येकावर निम्मा भार, असे वाटते. दोर सरळ उभे असतील तरच हे खरे. दोहोंमधील कोन ६० अंशांचा झाला तर १२० किलोंच्या इंजिनासाठी प्रत्येक दोरावर ६९ किलो येतात. ९० अंशांना ८५. १२० अंशांना पुरते १२०. आणि छप्पर ठेंगणे म्हणून दोर आखूड घेऊन कोन १५० अंशांवर नेला, तर प्रत्येक दोरावर २३२! म्हणून दोर लांब घ्यावे आणि कोन अरुंद ठेवावा. गाठ मारल्याने दोराचे बळ निम्म्याजवळ येते, हेही ध्यानात असावे. काथ्याचा दोर आमच्या पावसात आतून कुजतो व वरून चांगला दिसतो. तारेचा दोर वापरून क्लिपा लावायच्या असतील तर त्या किमान तीन असाव्यात, आणि क्लिपेचा खाचेचा भाग भार वाहणाऱ्या दोरावर व वाकड्या बोल्टचा भाग मोकळ्या शेपटावर यावा. उलट लावलेली क्लिप भार वाहणाऱ्या दोरालाच चेचते.

चौकट उभी राहिल्यावर विद्यार्थी लगेच इंजिन टांगायला निघाला होता. मी त्याला दोनशे लिटरचे रिकामे पिंप आणायला लावले. पिंप जमिनीपासून चार बोटे वर टांगून त्यात बादलीबादलीने पाणी ओतायचे. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटा नको. काही मोडलेच तर पिंप चार बोटे खाली येईल आणि पाणी सांडेल, इतकेच. तुळईच्या खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून मध्ये पट्टी धरली. पाटीवरच्या हिशेबाप्रमाणे पिंप भरल्यावर, म्हणजे २२० किलोंखाली, दोन मिलिमीटरांच्या आसपास बाक पडायला हवा होता. चौदावी बादली ओतली तेव्हा पिंप काठोकाठ आले, आणि सूत व तुळई यांत दोन मिलिमीटरांचा फरक दिसला. अर्धा तास तसेच ठेवले. फरक वाढला नाही. मात्र एका पायाखालचा चिरा बोटभर खचला होता. तो त्या दिवशी दिसला म्हणून बरे. ती जागा खणून, खडी ठोकून, त्यावर मोठा सपाट दगड बसविला आणि दुसऱ्या दिवशी पिंप पुन्हा भरले.

इंजिन उतरविले तेव्हा एक गोष्ट कटाक्षाने पाळली. टांगलेले इंजिन बाजूला ओढायचे नाही. ते वितभर उचलून खालचा टिलर मागे ढकलायचा, आणि इंजिन सरळ फळ्यांवर उतरवायचे. बाजूला ओढले की चौकट कलंडू पाहते. त्याचा सात वर्षांचा मुलगा सारखा खाली वाकून पाहायला धावत होता, म्हणून आजीने त्याला ओसरीवर धरून बसविले होते. तिने हातातली सुपारी कातरणेही त्या वेळेपुरते थांबविले होते. दोघा माणसांनी, न ओरडता, पाऊण तासात काम उरकले.

तुळईवर आता तांबड्या रंगाने ‘२५० किलो’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले आहे, कारण वाडीतले लोक चौकट मागायला येऊ लागले आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी चेनकप्पी उतरवून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, माळ्यावर ठेवली जाते. आश्विनात ती पुन्हा टांगण्यापूर्वी पायांच्या बुंध्यात अणी टोचून वाळवी पाहायची, बोल्ट आवळायचे, आणि पिंपात पाणी भरून सूत ताणायचे. बहालाच्या कुजलेल्या टोकाखाली त्याने तूर्त एक खांब दिला आहे. ते बहाल यंदाच्या उन्हाळ्यात बदलायचे आहे, आणि ते उतरवायला हीच चौकट उपयोगी पडेल काय, असे तो परवा विचारीत होता. बहाल साडेपाच मीटर लांब आहे. आम्ही पुन्हा पाटी काढली आहे.